पावसाळ्यात हेम्पच्या प्लास्टिक भागांवर सिल्व्हर का येतं: रेघा, तपकिरी डाग आणि तडकणारे बॉस कसे शोधायचे

नाशिककडच्या अंबड, सातपूर, सिन्नर, कुठल्याही मोल्डिंग शॉपमध्ये (प्लास्टिकचा दाणा वितळवून मोल्डमध्ये, म्हणजे साच्यात, मारतात तिथे) जून अर्धा सरला की ही तक्रार सुरू होते. मे महिन्यात स्वच्छ निघणारं केसिंग आता रेघाळ निघतंय. सेटिंग तेच, मोल्ड तोच, दाणाही त्याच कंपनीचा. ऑपरेटर तापमान वाढवतो, रेघा थोड्या पसरतात आणि वर तपकिरी झाक येते. मग तापमान कमी करतो, तर शॉर्ट मोल्डिंग होतं, म्हणजे भाग अर्धवट भरतो. दोन शिफ्ट या खो-खोत जातात आणि रिजेक्शनच्या क्रेट भरत राहतात.

इथे बोलतोय ते ब्लूटूथ स्पीकरची बॉडी, रिमोटचं मागचं झाकण, मोबाइल स्टँड, कीबोर्डची फ्रेम अशा भागांबद्दल. त्यांना लागणारा हेम्पचा दाणा, म्हणजे भांगेच्या कुळातल्या हेम्प झाडाचा तंतू घातलेलं प्लास्टिक, मुख्यतः दोन प्रकारचा येतो. एक, पीपीमध्ये (पॉलिप्रॉपिलीन) २० ते ३० टक्के हेम्पचा तंतू. दुसरा, पीएलएमध्ये (पॉलिलॅक्टिक ॲसिड, वनस्पतीपासून बनणारं प्लास्टिक) १० ते २० टक्के तंतू. पहिल्याला बायोप्लास्टिक म्हणणं जरा उदारपणाचं आहे, कारण त्यात बहुतेक वेळा जैविक असतो तो फक्त तंतू. पण बाजारात दोन्ही त्याच नावाने विकले जातात आणि दोघांचं दुखणंही एकच आहे: पाणी. हेम्पचा तंतू म्हणजे मुख्यतः सेल्युलोज. उघड्या हवेत तो स्वतःच्या वजनाच्या ८ ते १२ टक्के ओलावा धरून बसतो. दाण्यात प्लास्टिकचं आवरण असलं तरी दाणा कापलेल्या टोकांना तंतू उघडा असतो आणि तिथून तो हवेतलं पाणी ओढतच राहतो. एबीएसवर, म्हणजे केसिंगच्या नेहमीच्या प्लास्टिकवर, हात बसलेल्या माणसाला ही सवय नसते.

म्हणून एक नियम आधीच: दाणा कोरडा आहे याची खात्री होईपर्यंत तापमानाच्या पॅनेलला हात लावायचा नाही.

लक्षणं

गेटपासून, म्हणजे रस मोल्डमध्ये शिरतो त्या तोंडापासून, निघून प्रवाहाच्या दिशेने पसरणाऱ्या चंदेरी रेघा, म्हणजे शॉपच्या भाषेत सिल्व्हर. पर्जिंग करताना, म्हणजे बॅरलमधला (मशीनच्या तापलेल्या नळीतला) वितळलेला रस बाहेर काढून टाकताना, नोझलमधून फटफट आवाज, फसफसलेला फुगीर लंप (रसाचा गोळा). नोझल गळणं. एकाच तासात एका शॉटला (मोल्डमध्ये एकदा मारलेला माल) फ्लॅश, म्हणजे कडेने बाहेर आलेला पातळ पापुद्रा, आणि दुसऱ्याला शॉर्ट. तपकिरी किंवा काळपट पट्टे आणि जळक्या गोणपाटासारखा आंबूस वास. स्क्रू मारताना बॉस (स्क्रू ज्यात बसतो तो नळीसारखा खांब) तडकणं, किंवा त्याहून वाईट म्हणजे असेंब्ली होऊन माल पॅक झाल्यावर दोन-चार दिवसांनी तडकणं.

ही सगळी लक्षणं एकाच कारणाची नसतात. दहा सलग शॉट क्रमांक टाकून टेबलावर मांडा आणि रेघ कुठे सुरू होते ते बघा. एवढ्याने निम्मा शोध संपतो.

रेघा गेटपाशी सुरू होऊन सगळीकडे पसरल्यात आणि प्रत्येक शॉटला जागा थोडी बदलते, तर दाण्यात ओल आहे. डाग प्रत्येक शॉटला अगदी त्याच जागी आहे आणि ती जागा प्रवाहाच्या शेवटाला आहे, तर हवा कोंडतेय, व्हेंट (हवा निघायच्या फटी) बघायचे. मशीन थांबून सुरू केल्यावर पहिले काही शॉट काळपट आणि मग हळूहळू साफ, तर माल बॅरलमध्ये शिजतोय. पृष्ठभागावर ओघळासारखे निस्तेज ठिपके आहेत आणि मोल्ड हाताला ओलसर लागतो, तर मोल्डला घाम सुटलाय. आणि पापुद्रे सुटत असतील तर दुसरं प्लास्टिक मिसळलंय. हा शेवटचा प्रकार ओलाव्याशी कितीही झगडलात तरी जाणार नाही.

बिनखर्चाची तपासणी: सक-बॅक आणि मोल्डचा घाम

ड्रायरकडे जाण्याआधी पाच मिनिटांत होणाऱ्या या दोन गोष्टी.

सक-बॅक, म्हणजे बॅरलमधला स्क्रू भरून झाल्यावर मागे ओढण्याचं अंतर, जास्त असेल तर नोझलमधून हवा आत येते. ती हवा पुढच्या शॉटमध्ये अगदी ओलाव्यासारखीच चंदेरी रेघ काढते. नोझल गळतंय म्हणून ऑपरेटरने हे अंतर वाढवून ठेवलेलं असतं, आणि नोझल गळत असतं ते दाणा ओला असल्यामुळे. ३ ते ५ मि.मी.वर आणा, दहा शॉट जाऊ द्या. रेघा गेल्या तर इथेच काम संपलं. कमी झाल्या पण गेल्या नाहीत, तर दोन्ही कारणं आहेत, पुढे चला.

मोल्डच्या घामाचं गणित सोपं आहे. नाशकात जुलै-ऑगस्टमध्ये हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतलं पाणी दव बनून जमतं) साधारण २१-२२ अंश सेल्सियसच्या आसपास असतो. मोल्डला चिलरचं १२-१५ अंशांचं पाणी चालू असेल तर उघड्या मोल्डवर दव जमणारच. सायकल चालू असताना ते दिसत नाही. पण मशीन दोन मिनिटं उघडं ठेवलं की कॅव्हिटीवर (मोल्डच्या आतल्या पोकळीवर) धुकट थर दिसतो, बोट फिरवलं की रेघ उमटते. पीपी-हेम्पला एवढं थंड पाणी लागतही नाही. मोल्ड ४० ते ६० अंशांवर ठेवा. पृष्ठभाग सुधारतो आणि तंतू वर तरंगल्यासारखे दिसतात तेही कमी होतं. साध्या पीएलए-हेम्पला २५ ते ३० अंश ठीक आहेत. सायकल टाइम वाढेल म्हणून मॅनेजर कुरकुर करतील. रिजेक्शनचं वजन करून त्यांच्यासमोर ठेवा.

गोणी आणि हॉपर

गोणी ॲल्युमिनियमच्या अस्तराची आहे का, शिवण उसवली आहे का, लॉट नंबर काय, हे बघा आणि लिहून ठेवा. थंड गोदामातून आणलेली गोणी दमट शॉपमध्ये लगेच फोडली तर दाण्यावर दव बसतं. आदल्या दिवशी आणून बंदच ठेवायची. फोडल्यावर उरलेला माल तोंड घट्ट बांधून ठेवायचा. अर्धी गोणी मशीनशेजारी रात्रभर उघडी असेल तर तो माल ओलाच समजा आणि पुन्हा ड्रायरला लावा.

सुकवलेला दाणा मशीनच्या हॉपरमध्ये (दाणा भरायच्या डब्यात) एक तास पुरेल एवढाच ठेवा, झाकण लावून. चार तास मेहनतीने सुकवलेला माल उघड्या हॉपरमध्ये दुपारपर्यंत पडून राहतो, हा प्रकार पावसाळ्यात इतका सर्रास दिसतो की ड्रायर तपासण्याआधी झाकण शोधावं.

ड्रायर: इथे वेळ घालवा

बहुतेक लहान युनिटमध्ये साधा गरम हवेचा हॉपर ड्रायर असतो. तो बाहेरचीच हवा घेतो, तापवतो आणि दाण्यातून सोडतो. हवेतलं पाणी तो काढत नाही. हाच ड्रायर जानेवारीत चालतो आणि जुलैत का चालत नाही, ते आकड्यांत बघा. जानेवारीत दवबिंदू १० अंशांच्या आसपास असेल तर ती हवा ८० अंशांवर तापवल्यावर तिची सापेक्ष आर्द्रता अडीच टक्क्यांच्या आसपास उरते. जुलैत २१-२२ दवबिंदूची हवा त्याच ८० अंशांवर साडेपाच टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणजे दाण्याभोवतीची हवा दुप्पट ओली. दाणा त्या हवेशी तडजोड करून एका पातळीवर थांबतो, त्याखाली उतरत नाही. मग चारऐवजी आठ तास ठेवला तरी फारसा फरक पडत नाही.

पीपी-हेम्पसाठी हे कसंबसं निभावतं. स्वतः पीपी पाणी पीत नाही, फक्त तंतूचाच ओलावा काढायचा असतो. ८० ते ९० अंश, ४ तास, आणि उद्दिष्ट ०.२ टक्क्यांच्या खाली. १०५ अंशांच्या वर तासन्‌तास ठेवू नका. तंतू आधीच तपकिरी होतो आणि तो रंग पुढे कशानेही जात नाही.

पीएलएसाठी मात्र निभावत नाही. पीएलएला ०.०२५ टक्क्यांच्या खाली ओलावा लागतो. कारण इथे प्रश्न फक्त वाफेच्या रेघांचा नसतो. वितळलेल्या अवस्थेत पाणी पीएलएची साखळीच तोडतं. रस पातळ होतो, नोझल गळतं, फ्लॅश येतो आणि भाग ठिसूळ निघतो. रेघा न दिसताही हे होऊ शकतं. म्हणून पीएलए-हेम्पचं काम नियमित असेल तर उणे ४० अंश दवबिंदूची हवा देणारा डीह्युमिडिफायिंग ड्रायर घ्यावाच लागतो. पावसाळ्यात साध्या हॉपर ड्रायरवर पीएलए चालवण्याची ऑर्डर घेऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे.

तापमानाचीही एक खोच आहे. पीएलएचा दाणा क्रिस्टलाइज्ड (आतून स्फटिकासारखी रचना झालेला) असेल तर ८० अंशांवर ४ तास सुकवता येतो. अमॉर्फस (तशी रचना नसलेला) असेल तर ५५-६० अंशांच्या पुढे तो मऊ होऊन एकमेकांना चिकटतो आणि हॉपरमध्ये ढेकूळ बसतं. त्याला ४५ ते ५० अंश आणि कोरडी हवा, वेळ जास्त. डेटा शीटवर कोणता दाणा आहे ते वाचा. आणि हे विसरलं जातं: दाणा क्रिस्टलाइज्ड असला तरी थंड मोल्डमधून निघालेल्या रनरचा (गेटपर्यंतच्या वाटेत गोठलेल्या तुकड्याचा) ग्राइंडिंग माल, म्हणजे दळलेला माल, अमॉर्फस असतो. तो ताज्या दाण्यात मिसळून ८० अंशांवर लावला की ढेकूळ होतंच, आणि दोष मात्र ताज्या गोणीवर जातो.

आता ड्रायर खरंच चालतोय का, ते या क्रमाने बघा.

हवेचा फिल्टर काढून झटका. ताग-हेम्पसारख्या मालाची बारीक कूस त्यात भरते, हवा कमी जाते आणि पॅनेल मात्र ८० दाखवत राहतं. दाण्याच्या थरात, निम्म्या खोलीवर, वेगळा थर्मामीटर खुपसून तापमान मोजा. पॅनेलपेक्षा १०-१५ अंश कमी निघालं तर हवा पोचत नाही किंवा हीटरचा एखादा कॉइल गेलाय.

मग क्षमता. धरा, रनरसह शॉट ६२ ग्रॅम आणि सायकल ४० सेकंद. तासाला ९० शॉट, म्हणजे ५.५८ किलो. ४ तास सुकायला हवं तर ड्रायरमध्ये सतत २२ किलोंहून जास्त माल हवा. हेम्पचा दाणा हलका आणि ओबडधोबड असतो. एका लिटरमध्ये साधारण ०.५५ किलो बसतो असं धरलं तर ४० लिटर जागा लागते. हॉपरवर लिहिलेले किलो साध्या जड दाण्याचे असतात, हेम्पचे नाहीत. २५ किलोंचा हॉपर अर्धा रिकामा झाल्यावर भरायची सवय असेल तर खालून निघणारा दाणा दोनच तास सुकलेला असतो. उपाय फुकटचा आहे: दर तासाला वापरला तेवढा माल भरा.

ओलावा मोजा, अंदाज बांधू नका

पीपी-हेम्पसाठी ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा आणि १०५ अंशांचा साधा ओव्हन पुरतो. ड्रायरच्या तळातून १०० ग्रॅम दाणा झाकणाच्या डब्यात घ्या, लगेच वजन करा, पसरट ट्रेमध्ये ४ तास ओव्हनमध्ये ठेवा, बंद डब्यात थंड करून पुन्हा वजन करा. ०.२ ग्रॅम घटलं तर ०.२ टक्के. अर्ध्या ग्रॅमच्या पुढे घटलं तर रेघांचं कारण सापडलं. थंड करताना डबा उघडा राहिला तर दाणा पाणी परत पितो आणि आकडा खोटा चांगला दिसतो.

पीएलएसाठी ही पद्धत वापरू नका. १०० ग्रॅममध्ये ०.०२५ ग्रॅम शोधायचे असतात, ते या काट्याच्या हातचं काम नाही. कार्ल फिशर चाचणी (रसायनाने नेमकं पाणी मोजणारी) प्रयोगशाळेत करून घ्या, नमुना सील करून पाठवा.

शॉपवरची झटपट खूण हवी असेल तर बॅरल मागे घेऊन हवेत पर्जिंग करा. कोरड्या मालाची वळी गुळगुळीत आणि भरीव पडते. ओला माल फसफसतो, फुटतो, आतून जाळीदार निघतो. पर्ज करताना फेस शिल्ड, हातमोजे आणि नोझलच्या समोर कुणीही नको.

आता तापमान: पॅनेलचं नव्हे, रसाचं

दाणा कोरडा आहे हे सिद्ध झालं आणि तरी तपकिरी डाग आहेत, तर उष्णता बघा. सेल्युलोजच्या तंतूला साधारण २०० अंशांची मर्यादा आहे. त्यापुढे तो रंग बदलतो, वास सोडतो आणि त्याच्या विघटनातून पुन्हा पाणी आणि वायू निघतात. म्हणजे कोरडा दाणाही अति तापवला तर सिल्व्हर देतो. एबीएससाठी लावलेलं २२०-२३० अंशांचं सेटिंग त्याच बॅरलवर विसरून राहिलं की नेमकं हेच घडतं.

पीपी-हेम्पची सुरुवात अशी करा: मागचा झोन १६५-१७०, मधला १७५-१८०, पुढचा १८५-१९०, नोझल १८५. पीएलए-हेम्पला १६० पासून १८०-१८५ पर्यंत. मग पर्ज केलेल्या लंपमध्ये सुईचा पायरोमीटर खुपसून रसाचं खरं तापमान घ्या. पॅनेल १९० दाखवत असताना रस २१० असू शकतो, कारण उरलेली उष्णता हीटर देत नाही, घर्षण देतं.

घर्षण तीन ठिकाणी होतं. स्क्रूचा वेग: ४० मि.मी.चा स्क्रू ६० आरपीएमवर फिरला तर त्याच्या कडेचा वेग सेकंदाला साधारण साडेबारा सेंमी होतो, तो ठीक. १२० आरपीएमवर पंचवीस होतो, तो हेम्पला जास्त. बॅक प्रेशर: रंग नीट मिसळेल आणि वजन स्थिर राहील इतकंच, हायड्रॉलिक ३ ते ५ बारपासून सुरू करा. जास्त दाबाने तंतू तुटतात आणि ज्या ताकदीसाठी हेम्प घातला तीच जाते. तिसरं, बारीक गेटमधून वेगाने मारणं. गेटजवळच तपकिरी कडं येत असेल तर इंजेक्शनचा वेग पायरीपायरीने कमी करा.

एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर ८-१० शॉट सोडून मगच निकाल.

बॅरलमध्ये किती वेळ राहतो

मशीन मोठं आणि भाग लहान असेल तर माल बॅरलमध्ये पडून शिजतो. मोजायची युक्ती सोपी आहे: फीड थ्रोटमध्ये (दाणा बॅरलमध्ये पडतो त्या तोंडात) मूठभर गडद रंगाचे सुसंगत दाणे टाका आणि कितव्या शॉटला रंग दिसतो ते मोजा. १२ व्या शॉटला दिसला आणि सायकल ४० सेकंद असेल, तर ४८० सेकंद, म्हणजे ८ मिनिटं. हेम्पसाठी हे जास्त. ५-६ मिनिटांच्या आत ठेवा. शॉट मशीनच्या क्षमतेच्या निदान ४० टक्के तरी असावा. नसेल तर भाग लहान मशीनवर हलवा. सेटिंगने हा दोष झाकता येतो, पण जात नाही.

लाइट गेली की हाच प्रश्न उग्र होतो. दहा मिनिटांत आली नाही तर: फीड गेट बंद करा, आणि वीज येताच बॅरल मागे घेऊन, मोल्डमध्ये न मारता आधी पूर्ण पर्ज करा. शिफ्ट संपताना हेम्पचा माल बॅरलमध्ये ठेवून हीटर बंद करू नका. साध्या, कमी एमएफआयच्या (रस किती सहज वाहतो त्याचा आकडा) पीपी किंवा एलडीपीईने बॅरल धुऊन घ्या. पर्जचा लंप पाण्याच्या बादलीत टाका. आतून तो बराच वेळ धुमसत राहतो, कचऱ्याच्या ड्रममध्ये टाकू नका.

मास्टरबॅच, ग्राइंडिंग माल, आधीचा माल

काळा मास्टरबॅच (रंगाचा घट्ट दाणा) हा छुपा ओलावा आहे. कार्बन ब्लॅक पाणी धरतो. तोही सुकवा. पीएलएमध्ये पीई (पॉलिइथिलीन) बेसचा मास्टरबॅच घातला तर पापुद्रे सुटतात, बेस विचारून घ्या. ग्राइंडिंग माल १०-१५ टक्क्यांच्या पुढे नको: प्रत्येक फेरीत तंतू आखूड होतो, रंग गडद होतो आणि कापलेली टोकं वाढल्यामुळे पाणी जास्त ओढलं जातं. आधी एबीएस चालत होतं तर एबीएसच्याच तापमानावर पीपीने पर्ज करा, मग तापमान उतरवा, आणि शेवटी हेम्प घाला. उलटं केलं तर कोपऱ्यात राहिलेला एबीएस कमी तापमानाला सुटतच नाही आणि दिवसभर कणाकणाने बाहेर येत राहतो.

बॉस तडकतात तेव्हा

बॉसचा प्रश्न वेगळा काढून बघा, कारण सिल्व्हर गेल्यावरही तो राहू शकतो. आधी स्क्रू. ३ मि.मी.च्या प्लास्टिकसाठीच्या स्क्रूला भोक साधारण २.४ ते २.५ मि.मी. हवं. हेम्पचा भाग एबीएसपेक्षा कमी ताणतो, त्यामुळे एबीएसवर चालून गेलेलं २.२ चं भोक इथे फुटतं. दहा भागांवर स्क्रू आत जायला किती टॉर्क लागतो आणि कितीला आटे सोलतात ते मोजा, आणि ड्रायव्हर दोन्हींच्या मध्ये लावा. गन पूर्ण ताकदीवर ठेवून हा माल असेंबल होत नाही. पितळी इन्सर्ट गरम करून बसवत असाल तर त्यालाही २०० अंशांची तीच मर्यादा लागू आहे.

तडा नेहमी एकाच रेषेत जात असेल तर ती वेल्ड लाइन आहे. रसाचे दोन प्रवाह बॉसभोवती फिरून मागे भेटतात, पण तंतू ती रेषा ओलांडत नाहीत. पॅकिंग प्रेशर आणि मोल्डचं तापमान थोडं वाढवून बघा. तरी राहिलं तर गेटची जागा चुकली आहे.

तडा कुठेही, कसाही जात असेल आणि माल पीएलएचा असेल तर साखळी तुटलेली आहे. दाण्याचा आणि भागाचा एमएफआय एकाच प्रयोगशाळेत मोजून घ्या. भागाचा आकडा ठळकपणे वर गेलेला असेल तर पुन्हा ड्रायरकडे जा. टॉर्क कमी करून तो माल पाठवू नका, ग्राहकाच्या हातात तो फुटेल.

मोल्ड उतरवायची वेळ

इथवर सगळं बघून झालं असेल तरच. व्हेंट प्रत्येक शिफ्टला पितळी पट्टीने साफ करा. हेम्पच्या वाफेतला चिकट राळेसारखा थर त्यात बसतो. वाफ आम्लधर्मी असते, त्यामुळे साध्या पी-२० स्टीलवर गंज येतो. आठवड्याच्या सुट्टीआधी मोल्ड पुसून अँटी-रस्ट मारल्याशिवाय बंद करू नका. व्हेंटची खोली ०.०२ ते ०.०३ मि.मी.; त्याहून उथळ असतील तर टूलरूमला द्या. गेट १ मि.मी.पेक्षा बारीक असेल तर थोडं थोडं वाढवत १.५ पर्यंत न्या. कापलेलं स्टील परत येत नाही, म्हणून प्रत्येक वाढीनंतर ट्रायल.

एबीएसच्या मोल्डमध्ये हेम्प चालवताना मापं जुळत नाहीत ही तक्रार यातच मिसळली जाते. साधा पीपी १.२ ते २ टक्के आकसतो, हेम्प घातल्यावर ते बरंच कमी होतं, पण प्रवाहाच्या दिशेने आणि आडवं सारखं नसतं. म्हणून झाकण वाकतं. ओलावा आणि वाकणं यांचे उपाय एकमेकांत मिसळू नका.

थांबा आणि जाणकाराला बोलवा

फीड थ्रोटमधून धूर किंवा वाफ उसळत असेल, किंवा नोझल चोंदलेलं असून आत दाब साचल्याचा संशय असेल, तर नोझल स्वतः उघडू नका. ओल्या हेम्पची वाफ आणि जळका वायू कोंडलेला असतो, गरम रस गोळीसारखा बाहेर येतो. हीटर बंद करा, माणसं बाजूला करा, मशीनच्या सर्व्हिस इंजिनिअरला बोलवा.

हीटर बँड, थर्मोकपल, एसएसआर (हीटर चालू-बंद करणारा रिले) हे इलेक्ट्रिशियनचं काम. शॉटचं वजन कोरड्या मालावरही डोलत असेल तर चेक रिंग (स्क्रूच्या टोकाची, रस मागे जाऊ न देणारी कडी) बहुधा झिजलेली असते. स्क्रू बाहेर काढणं शॉपवरच्या माणसावर सोपवू नका.

चार्जर, अ‍ॅडॉप्टर, एक्स्टेंशन बोर्ड, म्हणजे थेट मेन्सची वीज ज्याच्या आत आहे अशा भागात साधा हेम्प दाणा ट्रायललाही घालू नका. ज्वालारोधक न घातलेला असा दाणा यूएल ९४ या आगीच्या चाचणीत साधारणतः सर्वात खालच्या एचबी श्रेणीतच राहतो. अशा कवचाला बहुधा व्ही-०, म्हणजे लवकर विझणारी श्रेणी, मागितली जाते. अ‍ॅडॉप्टरसारखी उत्पादनं बीआयएसच्या (भारतीय मानक ब्युरो) सक्तीच्या नोंदणीत येतात आणि नोंदणी तपासलेल्या नमुन्यावर झालेली असते. कवचाचा माल बदलणं हा निर्णय नोंदणी ज्याच्या नावावर आहे त्याचा आणि मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा आहे, मोल्डरचा नाही.

आणि मोजलेला ओलावा मर्यादेत, रसाचं तापमान २०० च्या खाली, व्हेंट साफ, तरीही एकाच लॉटवर रेघा आणि वास येत असतील, तर दोष कंपाउंडमध्ये, म्हणजे दाणा बनवतानाच्या मिश्रणात, आहे. हेम्पचा दांडा नीट न कुजवता तंतू काढून वापरलेला असू शकतो किंवा कंपाउंडिंगच्या वेळीच जळलेला. कंपाउंडरला (दाणा बनवणाऱ्याला) फोनवर सांगून उपयोग नाही. त्या लॉटचा १ किलो न सुकवलेला आणि १ किलो सुकवलेला दाणा वेगवेगळ्या सीलबंद पिशव्यांत, सलग दहा शॉट क्रमांकासह, ओलाव्याची नोंद, झोनची तापमानं आणि पायरोमीटरचा आकडा असं एकत्र पाठवा. त्यांचं उत्तर पटलं नाही तर तोच संच छत्रपती संभाजीनगरच्या सिपेटला (केंद्र सरकारची प्लास्टिक संस्था) चाचणीसाठी देता येतो. त्यासाठी प्रत्येक नव्या लॉटचा एक किलो बाजूला सील करून ठेवायचा, लॉट चांगला चालला तरीही.